चांगोमामांनी ओ दिली

आमच्याकडच्या लग्नात पाहुण्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी देव, मग मेलेले, आणि त्यानंतर जिवंत माणसं. जिवंतांना पत्रिका जाते, हल्ली तर तीही व्हॉट्सॲपवर जाते. देवांना आणि मेलेल्यांना बोलवायचं काम मात्र धवळारणीचं. हळदीच्या दिवशी ती मांडवात बसून धवळे म्हणते. सिद्धगडच्या देवापासून वेशीवरच्या देवापर्यंत सगळ्यांना गाण्यातून आवतण देते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन एकेक करून बोलावते, आणि ती आली असं धरून मगच हळद लागते. हे सगळं पाठ म्हणायचं. कागद बघून म्हटलं तर मेलेले येत नाहीत म्हणे, आणि जिवंत हसतात.

टोकावड्याच्या आसपासच्या पाच गावांची धवळारीण मी, सावळी. सत्तावीस वर्षांत शेकड्यांनी मेलेले बोलावले. एकानं आजवर तक्रार केली नाही. तक्रार आली ती एका जिवंत माणसाची, आणि तीही माझ्याच घरातून.

माघात ऋतिकचं लग्न होतं. ऋतिक हा चांगोमामांचा नातू, आणि चांगोमामा माझे चुलतसासरे. वय अठ्ठ्याहत्तर, तोंडात दात तीन, पण गावातल्या प्रत्येक भांडणात पहिला आवाज त्यांचा. त्या दिवशी मी देव सगळे नीट बोलावले. मग घराण्याकडे वळले. मूळ पुरुष धाऊबाबा, त्यांना हाक दिली. मग त्यांचे थोरले चिरंजीव नथूबाबा, म्हणजे माझे सासरे, त्यांना वारून अकरा वर्षं झाली. पुढे नाव घ्यायचं होतं गोजरबाईंचं, चांगोमामांच्या बायकोचं.

तेवढ्यात माझ्या पोटातून एक जाळ उठला आणि गळ्यावरून थेट कानापर्यंत चढला. घामानं चोळी भिजली. डोक्यात कुणी चुना फासल्यासारखं पांढरंफटक झालं. तिथेच गप्प बसले असते तर पुढचं रामायण टळलं असतं, पण तोंड आपलं चालूच! गावात उभा जन्म ‘नथू-चांगो’ अशी भावांची नावं जोडीनंच घेतलेली. जिभेनं एकामागून दुसरं ओढून काढलं.

“यावं यावं चांगोबाबा, मांडवाच्या दारी...”

चांगोमामा मांडवाच्या दारातच बिडी ओढत बसले होते. आपलं नाव ऐकलं आणि सवयीनं मोठ्यांदा म्हणाले, “ओ! आलो!”

वाजंत्रीवाल्याच्या तोंडातली पिपाणी तशीच राहिली. मेलेल्यांच्या हाकेत जित्या माणसाचं नाव येणं हा अपशकुन आहेच. पण त्या हाकेला ओ दिली की विषयच संपला. आवतण दिलंही गेलं आणि घेतलंही गेलं. चांगोमामांनी शांतपणे बिडी विझवली, उठले, घरात गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. नातवाचं लग्न लागलं, वरात निघाली, डीजेनं भिंती हलवल्या, पण म्हातारा उठला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची सून, माझी चुलतजाऊ वंदनावैनी, दारात येऊन उभी राहिली. “वैशाखात माज्या भूमिकेचं लगीन हाय. तिच्या मांडवात तू तोंड उघडायचं नाय. मी पल्याडच्या सोनूबाईला सांगते.”

सोनूबाई ब्लूटूथच्या स्पीकरवर धवळे म्हणते. तिच्या गाण्याच्या मध्येच ‘बॅटरी लो’ असं ऐकू येतं. पण मला खरी लागली ती वेगळी गोष्ट. भूमिका माझ्या मांडीवर वाढलेली पोर. आणि स्वतःच्या घरात दुसरी धवळारीण बसली की बाकीची गावं मला कशाला बोलावतील? म्हणजे वैशाखातली ती हळद चुकली की माझे धवळे संपले. हे मला त्याच क्षणी कळलं आणि मी वंदनावैनीच्या अंगावर इतकी ओरडले की तिला उरलेलं वाक्य घरी जाऊन बोलावं लागलं.

आता खरं सांगते, हे एका दिवसाचं नव्हतं. मला शेहेचाळीस संपून सत्तेचाळिसावं लागलं तेव्हापासून अंगाचा कारभार माझ्या हातात राहिला नव्हता. पाळी कधी महिन्यात दोनदा, कधी तीन महिने बेपत्ता. आली की अशी यायची, की घराबाहेर पडायची सोय नाही. आमच्यात बाजूला बसलेल्या बाईनं धवळे म्हणायचे नसतात, त्यामुळे दोन लग्नं मला सकाळी सकाळी सोडून द्यावी लागली होती. ऐन थंडीत अंगातून वाफा निघायच्या. एका दुपारी जीव इतका तापला की मी म्हशीच्या हौदात पाय सोडून बसले. म्हैस दिवसभर त्या पाण्याला तोंड लावेना. मोबाइल सापडायचा तांदळाच्या कणगीत आणि तांदळाचं माप फ्रीजमध्ये.

राग तर विचारूच नका. आमचे हे, सतीश, पिठाची गिरण चालवतात, स्वभावानं गरीब माणूस. एके दिवशी त्यांनी नुसतं विचारलं, “भाकरी झाली का गो?” मी हातातला पिठाचा गोळा भिंतीवर मारला. तो तिथे दोन दिवस चिकटून राहिला, कारण मी काढणार नव्हते आणि काढायची त्यांची हिंमत नव्हती. संध्याकाळी टीव्हीवर ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात लागली. टायर बिचारा एकटाच चिखलातून चालला होता. मला हुंदका फुटला. यांनी न विचारता टीव्ही बंद केला.

माझ्या सासूबाई, सकुबाई, यांनीच मला धवळे शिकवले. वय पंचाहत्तर, नजर घारीची. त्यांचं एकच पालुपद. “आमच्या टायमाला असलं काय नव्हतं. पाळी गेली ती कळलं पन नाय.”

मग गावानं औषधं सुरू केली. कुणी गुलकंद दिला, कुणी सब्जा. कुणी सांगितलं जास्वंदीची फुलं चावून खा, तर शेजारची बकरी माझ्याकडे संशयानं बघायला लागली. आमच्या यांच्या मोबाइलवर रोज सकाळी एक नवा काढा यायचा. टोकावड्याच्या रस्त्यावरच्या ढाबेवाल्यानं ताक फुकट पाजलं, हेतू चांगला होता. पंधरा दिवसांनी माझं काहीच थांबलं नाही, फक्त पोट बिघडलं. एका डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी माझ्याकडे न बघताच ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, “वय झालं की होतं असं. मन रमवा.” घरी येऊन मी तासभर त्यांच्या नावानं बोटं मोडली. त्यात मन खरंच रमलं.

शेवटी फोन आला तो भूमिकेचा. ती शहापूरला एका मेडिकल दुकानात फार्मासिस्ट आहे, तिथेच मैत्रिणीबरोबर खोली करून राहते.

“काकी, तुला करणीबिरणी काय नाय,” ती म्हणाली. “पाळी जायच्या आधी काही वर्षं हार्मोन्स वर-खाली होतात. घाम, राग, विसरणं, सगळं त्याचंच. रोज चार बाया येतात दुकानात, हळू आवाजात विचारतात. तू इकडं ये, चांगल्या लेडी डॉक्टर हायत.”

“यावर औषध हाय?”

“हाय ना!”

वर्षभर मला वाटत होतं की मी वाईट बाई झालेय, किंवा वेडी होतेय. त्याला नाव आहे आणि औषध आहे, हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी पुन्हा रडले. या वेळी टायर नव्हता.

टोकावड्याहून मुरबाडकडे जाणारी एसटी, सरळगावला उतरायचं, तिथून किन्हवलीमार्गे शहापूर. वाटेत खिडकीवरून माझी दोन भांडणं झाली, दोन्ही मी जिंकले. डॉक्टरीणबाईंचं नाव कुणाली. पोरगेलीच दिसत होती, पण प्रश्न विचारायला लागली तर थांबेना. पाळी कधी, किती दिवस, झोप किती, घरात कुणाला छातीचा कर्करोग, पायात रक्ताची गाठ झाली होती का, डोकं दुखतं का. मला बघायला पाहुणे आले होते त्यानंतर कुणी मला इतके प्रश्न विचारले नव्हते. मग रक्त घेतलं, सोनोग्राफी केली.

“सोनोग्राफी चांगली आहे, थायरॉइडही ठीक. पण हिमोग्लोबिन आठ आहे,” त्या म्हणाल्या. “एवढ्या रक्तावर तुम्ही गाता?”

“गाते कसली,” मी म्हटलं, “जिवंत माणसाला मेल्यात घातलं.”

त्यांना वाटलं बोलायची पद्धत असेल. लोहाच्या गोळ्या दिल्या, अंगावर जास्त जातं त्यावर गोळ्या दिल्या, आणि हार्मोनची एक गोळी. ती मला मानवली नाही. छाती ठणकायला लागली, मळमळ सुटेना, आणि दिवसा अशी झोप यायची की गिरणीत पिठाच्या पोत्याला टेकून घोरले. उठले तेव्हा भुतासारखी पांढरी होते. एक गिऱ्हाईक दळण टाकून पळालं.

मी तणतणत परत शहापूरला गेले. “तुमचं औषध बोगस हाय!”

डॉक्टरीणबाई हसल्या. “औषध बरोबर आहे, माप चुकलं. सगळ्यांना एकच ब्लाउज बसतो का? उसवून पुन्हा शिवू.” या वेळी हातावर चोळायचं जेल दिलं आणि महिन्यातले ठरावीक दिवस रात्री घ्यायची कॅप्सूल. “हे सगळ्यांना चालत नाही. तुमचे रिपोर्ट बघून दिलंय. शेजारणीला वाटायचं नाही.”

तीन आठवड्यांनी मी एका दमात सकाळपर्यंत झोपले. जाग आली तेव्हा हे माझ्या नाकाशी बोट धरून बसले होते.

“काय करताय?”

“काय नाय गो,” ते म्हणाले, “बघत होतो, हायस का ते.”

जाळ अजून उठायचे, पण दिवसाला दहाचे दोन झाले. मोबाइल मोबाइलच्या जागी राहायला लागला. आता एकच काम उरलं होतं, ते म्हणजे मेलेल्या माणसाला उठवायचं.

चांगोमामा माघापासून पडूनच होते. रोज रात्री सगळ्यांचा निरोप घेऊन झोपायचे आणि सकाळी जाग आली की चिडायचे. शेवटची इच्छा म्हणून दर दोन दिवसांनी गावठी कोंबडा. काठी एकाला दिली, घोंगडी दुसऱ्याला दिली, आणि एकच बकरी तीन जणांना कबूल केली. ते तिघं रोज तब्येतीची चौकशी करायला यायचे. मी रिपोर्टची फाइल काखेत घेऊन त्यांच्या उशाशी बसले. भूमिका सुट्टीवर आली होती, तिनं सगळं वाचून समजावून सांगितलं.

मामांनी आढ्यावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. “म्हंजे मला देवानं नाय बोलवलं? तुज्या हार्मोननं बोलवलं?”

“होय मामा.”

“मग मी ओ कुनाला दिली?”

मी आणि भूमिकेनं एकमेकींकडे बघितलं. “हार्मोनला,” भूमिका म्हणाली.

“दोन म्हयने मी हार्मोनसाठी पडून हाय?” म्हातारा उठून बसला. मग हळू आवाजात म्हणाला, “आनि माज्या गोजरला तू त्या दिवशी बोलवलंच नाय. तिची हाक तू मला दिलीस. नातवाच्या हळदीला ती बाहेरच राहिली.”

दोन महिने मला वाटत होतं म्हातारा मरणाला भ्यालाय. मला माझीच लाज वाटली. चूक मामांच्या बाबतीत नाही, गोजरबाईंच्या बाबतीत झाली होती, आणि त्या येऊन भांडणार नव्हत्या.

“तुज्यावर माजा भरोसा नाय,” मामा म्हणाले. “डाक्टरनीच्या तोंडून ऐकनार. मग बघू.”

त्यामुळे पुढच्या तपासणीला माझ्याबरोबर चांगोमामा. पांढरी टोपी, नवं धोतर, दिलेली काठी तेवढ्यापुरती परत मागून आणलेली. दवाखान्यात सगळ्या पोटुश्या बाया ओळीनं बसलेल्या, मधोमध हा म्हातारा. भिंतीवर बाळाच्या वाढीचा तक्ता होता, तो त्यांनी पहिल्या महिन्यापासून नवव्यापर्यंत बारकाईनं बघितला. समोरच्या पोरीला म्हणाले, “तुजा हा पाचवा दिसतो.” ती म्हणाली, “सहावा चालू आहे.” मामांनी मान डोलावली, “मग खात नायस नीट.”

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “पेशंट कोण?”

“ही,” मामा म्हणाले. “मी तिनं मारलेला.”

आत गेल्यावर मात्र ते डॉक्टरीणबाईंसमोर शाळेतल्यासारखे ताठ बसले. मी सगळी हकिगत सांगितली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि एकदाही हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांना जन्मभर मानेन.

“आजोबा, तुमच्या गावात लाइट कशी असते?”

“कदी डीम, कदी फुल. परवा फुल आली नि गिरणीची मोटर गेली.”

“तसंच यांच्या अंगात चाललंय. हार्मोन कधी एकदम वर, कधी खाली. फुल झाली की राग, डीम झाली की विसर, आणि मधेच असा जाळ. त्यात अंगात रक्त कमी. त्या दिवशी तुमचं नाव निघालं ते त्यामुळे. मुद्दाम नाही, कुणी वरून सांगितलं म्हणूनही नाही.”

“मग मी मरनार कदी?”

“ते मला नाही सांगता येणार. पण यांच्या हार्मोननं नाही.”

मामांनी खिशातून चष्मा काढला, घातला, परत काढला. “माजा पन दाब बघा.” डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला. एकशे तीस, पंचाऐंशी. एवढे कोंबडे खाल्ल्यावर माणसाचा दाब असा राहतो हा अन्याय आहे, पण राहिला खरा.

“आनि ही आता बरी होनार का? माज्या नातीच्या हळदीला चुकनार नाय ना?”

“पुष्कळ बऱ्या होतील,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण त्याच दिवशी जाळ उठणारच नाही, असं मी लिहून देणार नाही. उठला तर थांबायचं. दोन-तीन मिनिटांत जातो. पाणी प्यायचं, वारा घ्यायचा.”

“थांबायचं,” मामांनी पाठ केल्यासारखं म्हटलं.

गावात आल्याबरोबर त्यांनी घोंगडी परत घेतली, बकरीच्या तिन्ही वारसांना हाकलून दिलं आणि वंदनावैनीला सांगितलं, “हळदीला सावळीच बसंल. मला डाक्टरनीनं सांगितलंय.” वैनी सासऱ्यांपुढे बोलली नाही, पण सोनूबाईलाही तिनं येऊ नको असं कळवलं नाही. “असू दे जवळ,” मला म्हणाली, “लागली तर.”

हळदीच्या आदल्या दुपारी माझं अवसान गेलं. वैशाखाचं ऊन, पत्र्याचा मांडव, शंभर-दीडशे माणसं. आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं म्हणे! मांडवात कोण थांबतं? तिथं धवळारीण शिंकली तरी बाया एकमेकींकडे बघतात. सासूबाई ओटीवर हळकुंडं निवडत होत्या. मी जाऊन समोर बसले.

“आई, उद्या तुमीच म्हना. मला नाय जमायचं.”

त्यांनी वर बघितलं नाही. “मी धवळे का सोडले, म्हायत हाय तुला?”

“घसा गेला ना तुमचा.”

“घसा धडधाकट होता. आता पन हाय.” हळकुंड त्यांच्या हातात तसंच राहिलं. “मांडवात बसले होते, असंच अंग पेटलं. समोर हळदीला बसलेला नवरा, पुढं काय म्हनायचं ते सुचंना. सगळ्या बाया माज्या तोंडाकडं बघायला लागल्या. मी उठले ती पळाले, ओढ्यात जाऊन पान्यात बसले, अंधार पडंपर्यंत. घसा गेला म्हनून सांगितलं. तू नवीन आलेली, तुज्या गळ्यात टाकलं सगळं.”

मी बघतच राहिले. “पन तुमी तर सारखं म्हनता, तुमच्या टायमाला असलं काय नव्हतं?”

“होतं गो. सांगायला कोन नव्हतं.”

मला त्यांचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला. सव्वीस-सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. “मला वाटायचं, माजा आवाज गोड म्हनून तुमी मला दिलंत.”

“बरा हाय तुजा आवाज,” त्या म्हणाल्या. “गोड नाय.” मग हळकुंड सुपात टाकलं. “मी पळाले ते चुकलं. तू पळू नको.”

हळदीच्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. भूमिका पाटावर बसलेली, तिच्या समोर मी, माझ्या मागे सासूबाई. कोपऱ्यात सोनूबाई स्पीकर मांडीवर घेऊन तयारीत, बटनावर अंगठा. चांगोमामा मांडवाच्या दारात चटई टाकून बसले होते. मी सुरुवात केली. सिद्धगडचा देव आला, डोंगरातले आले, वेशीवरचा आला. आवाज चांगला लागला होता. मग घराण्याकडे वळले. धाऊबाबांना बोलावलं. नथूबाबांना बोलावलं.

आणि जाळ उठला.

तोच पोटातून, तसाच कानापर्यंत. तोंड पुढचा शब्द घ्यायला उघडलंच होतं. मी ते मिटलं. सत्तावीस वर्षांत मी कधी मध्येच थांबले नव्हते. वाजंत्री थांबली, बोलणं थांबलं, शंभर-दीडशे माणसं माझ्याकडे बघायला लागली. पाय आपोआप उठायला बघत होते. ओढा काही लांब नव्हता.

पाठीवर सासूबाईंचा हात आला आणि तिथेच राहिला.

“थांबा जरा,” मी म्हटलं. आवाज मोठा निघाला. “माजी पाळी जायची वेळ आलीय. अंगात जाळ उठतो नि पुढचं सुचत नाय. औषध चालू हाय. दोन मिन्टं थांबा.”

आमच्या गावात पाळी हा शब्द बाया चुलीपाशीसुद्धा कुजबुजत बोलतात. मी तो मांडवात, देवांना बोलावल्यावर, मेलेल्यांच्या समोर बोलले होते. वंदनावैनीनं डोक्याला हात लावला. सोनूबाईनं घसा खाकरला. स्पीकर म्हणाला, “कनेक्टेड.”

तेव्हा दारात चांगोमामा काठी टेकून उभे राहिले. “बंद कर तो डबा!” ते गरजले. “गुमान बसा सगळे! हार्मोन आलाय तिला. येतो नि जातो. शहापूरच्या डाक्टरनीनं मला सोताला सांगितलंय. वारा सोडा, पानी द्या!”

आमच्या यांनी पेडस्टल फॅन उचलून माझ्या तोंडासमोर आणला. वायर पुरेना, तर फॅनबरोबर एक्स्टेन्शन बोर्डही ओढत आणलं. भूमिकेनं हळदीच्या पाटावरून उठून तांब्या माझ्या हातात दिला. मागची एक म्हातारी, तिला नक्की कोण आलंय ते कळलं नव्हतं, तिनं आपले हात जोडले. तिचं बघून दोघी-तिघींनी जोडले. आणि मग सगळा मांडव थांबला. कुणी हसलं नाही. डोंगरातले देव थांबले, धाऊबाबा आणि नथूबाबा थांबले, स्वयंपाकी डाव हातात घेऊन थांबला. मी पाणी प्यायले आणि वाऱ्यात बसून राहिले. माझ्यासाठी एवढी माणसं कधी थांबली नव्हती. मला फार, फार बरं वाटत होतं.

जाळ उतरला. डोकं हळूहळू निवळलं, आणि नाव जिथं होतं तिथंच सापडलं. मी सासूबाईंकडे वळून बघितलं. त्यांनी डोळे पुसले आणि मान हलवली. मी म्हटलं,

“यावं यावं गोजरबाई, मांडवाच्या दारी, तुझी नात हळदीला बसली...”

चांगोमामा खाली बसले, चटईवर जरा बाजूला सरकले, शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा केली आणि डोक्यावरची टोपी सारखी केली. मग भूमिकेला हळद लागली.